काखेती : द्राक्षवेलीचे माहेर

द्राक्षबाग म्हटली की नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांना नव्याने काही सांगायला नको. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, फवारण्या, आणि ऐन तोडणीच्या तोंडावर आभाळ भरून आले की घरातल्या साऱ्यांच्या पोटात उठणारा गोळा, हे सगळे तुम्ही दरवर्षी भोगता. म्हणूनच आज तुम्हाला अशा एका डोंगराळ मुलखात न्यायचे आहे, जिथे माणूस आणि द्राक्षवेल यांची सोयरीक आठ हजार वर्षांची आहे.

हा देश म्हणजे जॉर्जिया. अमेरिकेतले त्याच नावाचे राज्य नव्हे बरे का! काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्याला, वर रशिया आणि खाली तुर्कस्तान यांच्यामध्ये, कॉकेशस पर्वताच्या कुशीत हा चिमुकला देश वसला आहे. आकार महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. तिबिलिसीच्या दक्षिणेला जुन्या वस्त्यांच्या टेकाडांत सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांत शास्त्रज्ञांना द्राक्षाच्या वाइनच्या खुणा मिळाल्या. ती भांडी इसवी सनापूर्वी सुमारे सहा हजार वर्षांची आहेत, असे २०१७ साली जाहीर झाले.

इथे जायचे तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत जावे, कारण तेव्हा द्राक्षतोडणीचा हंगाम असतो. आणि जावे ते आठ-दहा जणांनीच. पन्नास माणसांची बस घेऊन गेलात तर हॉटेलातले जेवण आणि दुकानातली खरेदी यापलीकडे हाती काही लागणार नाही. आठ-दहा माणसे एका लहान गाडीत मावतात, अरुंद घाटात जातात, आणि मुख्य म्हणजे एका शेतकऱ्याच्या घरच्या मेजाभोवती बसू शकतात.

प्रवास राजधानी तिबिलिसीहून सुरू होतो. जॉर्जियन भाषेत ‘तिबिली’ म्हणजे उष्ण. आपल्या वज्रेश्वरीसारखे इथेही गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत, त्यावरूनच शहराचे नाव पडले. शहरातून म्त्क्वारी नदी वाहते. दुकानांच्या पाट्यांवरची लिपी पाहाल तर वेलीच्या तणाव्यांसारखी वळणदार! तेहतीस अक्षरांची ही लिपी त्यांची स्वतःची आहे.

तिबिलिसीहून पूर्वेकडे निघालात की गोंबोरीची खिंड लागते. उंची सोळाशे मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या जवळपास. दोन्ही बाजूंनी दाट जंगल, मधून नागमोडी रस्ता. घाट उतरला की समोर अलाझानी नदीचे रुंद, सपाट खोरे पसरते. खोऱ्यापलीकडे कॉकेशसची बर्फाच्छादित भिंत, आणि इकडे नजर पोहोचेल तिथवर द्राक्षबागा. हाच काखेती प्रांत. देशातल्या द्राक्षबागांपैकी निम्म्याहून खूप अधिक बागा एकट्या या प्रांतात आहेत.

आता तुम्ही शेतकरी, तेव्हा तुमची नजर आधी वेलीकडे जाणार. आपल्याकडे थॉमसन आणि तिच्या पोटजाती यांचे राज्य. जॉर्जियात पाचशेहून अधिक देशी वाणांची नोंद आहे. काखेतीत मुख्य दोन: पांढरे र्‌कात्सितेली आणि काळे सापेरावी. सापेरावी या नावाचा अर्थच मुळी रंग देणारे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो, पण सापेरावीचा गरही लाल. दोन मणी चुरडले तरी बोटे रंगतात.

तोडणीला तिकडे ‘र्‌त्वेली’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी सावड आणि इरजीक असे, तसाच हा प्रकार. सारे घर, शहरात नोकरीला गेलेली मुले, शेजारीपाजारी बागेत उतरतात. आज तुमची, उद्या आमची. दुपारी तिथेच बांधावर भाकरतुकडा.

घरी गेल्यावर यजमान तुम्हाला तळघरासारख्या एका खोलीत नेतील. आत भांडे दिसणार नाही, पिंप दिसणार नाही. जमिनीत फक्त गोल तोंडे दिसतील. जुन्या वाड्यातली धान्याची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. ही आहेत ‘क्वेव्री’, म्हणजे मातीचे अंड्याच्या आकाराचे, खाली निमुळते होत गेलेले प्रचंड रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. काही इतके मोठे की माणूस आत उतरून धुतो. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. काखेतीच्या रीतीने द्राक्षे तुडवून रस, साली, बिया आणि देठसुद्धा एकत्र आत घालतात. आंबण्याच्या दिवसांत वर येणारा चोथा रोज काठीने खाली दाबतात. मग तोंड बंद करून पाच-सहा महिने ठेवतात. जमिनीच्या पोटात ऊन नाही, थंडी नाही. उष्णता सारखी राहते. बिया निमुळत्या तळात जाऊन बसतात, त्यावर चोथा बसतो. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही सालींमुळे मधासारख्या रंगाची होते. ना वीज, ना यंत्र! २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला जगाच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तेलावी गावाजवळ वार्दिसुबानी येथे हे रांजण घडवणारे कारागीर आहेत. मोठा रांजण एका दिवसात उभा राहत नाही. थर चढवायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा थर.

कोणी म्हणेल, कुटुंबात वाचायच्या पानावर वाइनची गोष्ट कशाला? शंका रास्त आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या गळ्यात माळ आहे, आणि दारूने धुळीला मिळालेली घरेही आपण गावोगाव पाहिली आहेत. हा लेख कोणाला प्यायला सांगत नाही. न पिणाऱ्याने बसतानाच यजमानाला नम्रपणे तसे सांगावे. पण तिथली पंगत पाहण्याजोगी असते. तिला ‘सुप्रा’ म्हणतात. पंगतीचा एक कारभारी नेमतात, त्याचे नाव ‘तमादा’. तो उठून बोलल्याशिवाय पेला उचलायचा नाही, अशी रीत. तो एकदा शांततेसाठी बोलतो, एकदा मातृभूमीसाठी, एकदा गेलेल्या माणसांसाठी, एकदा मुलाबाळांसाठी, एकदा पाहुण्यांसाठी. गेलेल्यांची आठवण निघाली की क्षणभर सारे गप्प होतात. बोलणे संपले की ‘गाउमार्जोस’, म्हणजे ‘विजय असो’!

मग गाणे सुरू होते. तीन आवाज तीन वेगळ्या सुरांत, पण एकमेकांत गुंतलेले. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात सोडली, त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या संगीताची एक तबकडी पाठवली आहे. तीत काखेतीचे ‘चाक्रुलो’ हे गाणे आहे. आणि त्याच तबकडीत आपल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, हे ऐकून कोणाची मान ताठ होणार नाही?

भगिनींनो, आता स्वयंपाकघराकडे वळू या. अंगणात विहिरीसारखी गोल मातीची भट्टी असते, तिला ‘तोने’ म्हणतात. आपल्या तंदूरची ही बहीण. तिच्या आतल्या भिंतीवर होडीच्या आकाराची लांबट रोटी थापतात. तिकडे रोटीला शब्द काय? तर ‘पुरी’! मक्याच्या पिठाची हाताने थापलेली जाड भाकरी म्हणजे ‘म्चादी’. ती मातीच्या भांड्यात शिजवलेल्या राजम्याबरोबर खातात. राजम्यात कोथिंबीर सढळ हाताने. पालक किंवा बीटाचा पाला उकडून, पिळून, त्यात अक्रोडाचे वाटण, लसूण, कोथिंबीर घालतात आणि वरून डाळिंबाचे दाणे पेरतात, ही ‘प्खाली’. वांग्याच्या कापांतही अक्रोडाचेच सारण. आपण जिथे शेंगदाण्याचा कूट घालतो, तिथे ते अक्रोड घालतात असे समजा. मसाल्यात मेथीची एक जात असते, आणि वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यासुद्धा! ‘खिंकाली’ हे थेट कळीदार मोदकासारखे दिसतात, पण आत बहुधा मांस आणि गरम रस्सा असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. मांस-मासळी चालत नसेल तरी उपाशी राहण्याची भीती नाही. तिथल्या धर्मातही बुधवार-शुक्रवारचे आणि मोठ्या सणांआधीचे उपास असतात, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ घरोघर येतात.

दुकानांच्या दारात मेणबत्त्यांसारखे काहीतरी टांगलेले दिसेल. त्या ‘चुर्चखेला’. अक्रोड दोऱ्यात ओवायचे, पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात पुन:पुन्हा बुडवायचे, वाळवायचे. महिनोन् महिने टिकतात. द्राक्षे पिकवणाऱ्या आपल्या घरांतून ही कृती करून पाहायला काय हरकत आहे?

हे सारे गोड वाटले, पण या बागांनी सोसलेही फार. सोव्हिएत काळात जास्त उत्पन्न देणाऱ्या थोड्याच जातींवर भर आला आणि कितीतरी जुने वाण परसातल्या एखाद्या वेलीपुरते उरले. १९८५ साली मॉस्कोहून दारूविरोधी मोहीम निघाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या बागा उपटल्या गेल्या. पुढे २००६ साली रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली. बहुतेक माल जात होता एकट्या रशियाकडे! एका हुकुमासरशी बाजार बंद झाला. मग लोकांनी युरोप, चीन अशी दुसरी दारे ठोठावली, मालाचा दर्जा वाढवला, रांजणांची जुनी रीत पुढे आणली. २०१३ मध्ये बंदी उठली, आणि आज पुन्हा रशियाच त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. म्हणजे टांगती तलवार आहेच.

हे आपल्याला परके आहे का? २०१० साली एका रसायनाचा अंश निघाला म्हणून युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तेव्हा किती घरांचे गणित कोसळले ते आठवा. गारपिटीचेही तसेच. जुलै २०१२ मध्ये काखेतीवर गारांचा मारा झाला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आपल्यावर झाला. काखेतीत २०१५ पासून गारांच्या ढगांवर रॉकेटे सोडण्याची सरकारी यंत्रणा उभी आहे.

जमिनीचेही एक सांगितले पाहिजे. स्वस्त जमीन मिळते म्हणून पंजाबातले काही शेतकरी तिकडे गेले होते. गावकऱ्यांत अस्वस्थता पसरली, २०१३ मध्ये परक्यांच्या खरेदीवर स्थगिती आली, आणि २०१८ पासून राज्यघटनेनेच शेतजमीन, थोडे अपवाद सोडता, देशाच्या नागरिकांसाठी राखली. पाहुण्याला ताट, पण बांध आपला, असा त्यांचा हिशेब.

परतीच्या वाटेवर अलावेर्दीचे अकराव्या शतकातले चर्च जरूर पाहा; तिथले साधूही रांजणांत वाइन करतात. याच काखेतीच्या केतेवान राणीची कथा गोव्याशी जोडलेली आहे. इराणच्या शहा अब्बासाने धर्म सोडण्यास सांगितले, तिने नकार दिला, आणि १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हाल करून मारले. पोर्तुगीज पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यात आणून ठेवला. तिथल्या पडक्या मठाच्या उत्खननात एक अस्थी सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेने तपासली, आणि २०२१ च्या जुलैत भारताने ती जॉर्जियाला सुपूर्द केली. गोव्याहून आलो असे म्हणालात, तर काखेतीत तुमचे स्वागत जरा जास्तच होईल.

वाचकहो, प्रत्येकाला एवढ्या दूर जाणे जमेलच असे नाही. पण तिथून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आपला सगळा माल एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर ठेवू नये. आजोबांच्या वेळचा वाण बाजारात चालत नसला, तरी बांधाच्या कडेला त्याची दोन झाडे राखावीत. गरज कधी पडेल सांगता येत नाही. आणि शहरातले आठ-दहा पाहुणे बाग पाहायला येतो म्हणाले, तर लाजू नये. त्यांना हॉटेलातले जेवण देण्याच्या खटपटीत न पडता आपली भाकरी, पिठले, ठेचा आणि ताज्या द्राक्षांचा घड द्यावा, आणि त्याचे योग्य दाम घ्यावे. काखेतीच्या कित्येक घरांना पडत्या काळात याच पाहुण्यांनी हात दिला आहे.