फिरत्या घराचीं दारें व झरोके

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत फिओर्डलंड नांवाचा प्रदेश आहे. समुद्राचे अरुंद फांटे तेथें उंच कड्यांमधून आंत शिरले आहेत, कड्यांवरून असंख्य धबधबे कोसळतात आणि डोंगरउतार दाट अरण्यानें झांकलेले आहेत. हे कडे तू-ते-राकि-व्हानोआ या देवपुरुषानें कोरून काढले, अशी माओरी लोकांची कथा आहे. काम पुरें झाल्यावर मृत्युदेवता हिने-नुइ-ते-पो तें पाहावयास आली. इतक्या रम्य स्थळीं आलेला मनुष्य परत जावयाचाच नाहीं अशी तिला शंका आली, म्हणून तिनें तेथें ‘नामू’ सोडली. नामू म्हणजे दोनतीन मिलिमीटर लांबीची काळी चावरी माशी. इ. स. १७७३ मध्यें कॅप्टन कुक आपल्या ‘रेझोल्यूशन’ जहाजासह तेथील डस्की साउंडमध्यें राहिला होता. या माशीच्या दंशानें येणारी सूज आणि सुटणारी कंड यांचें गाऱ्हाणें त्यानेंही आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे.

आमचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त त्या देशांत असतात. गेल्या डिसेंबरांत, म्हणजे तिकडील उन्हाळ्यांत, आम्ही उभयतां, तीं दोघें व आठ वर्षांची नात असे पांच जण एक मोटारघर भाड्यानें घेऊन टे अनाऊ गांवाहून मिलफर्ड साउंडकडे निघालों. अंतर सुमारें १२० किलोमीटर. मोटारघर म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच. ओटा, गॅसची शेगडी, शीतकपाट, मोरी व रात्रीं अंथरुणें घालण्याचे बाक, हें सर्व आपल्या एका खोलीहून लहान जागेंत बसविलेलें असतें. वाटेंत एग्लिंटन नदीच्या खोऱ्यांत दोन रात्री मुक्काम करण्याचें ठरलें. गाडी थांबून दार उघडतें न उघडतें तोंच नामूंचा थवा आंत आला.

तिकडे या माशीस ‘सँडफ्लाय’ म्हणतात. तें नांव ऐकून आमच्या सौभाग्यवतींस धडकी भरली, आणि ती निष्कारण नव्हती. आपल्या देशांत सँडफ्लाय या नांवाचा जो कीटक आहे, त्याच्यामुळें बिहारांत काळा आजार पसरतो. नागपूरजवळील चांदीपुरा येथें १९६५ सालीं सांपडलेला विषाणूही त्याच्याच द्वारें फैलावतो. परंतु नांव एक असलें तरी कुळ निराळें. नामू मनुष्यास कोणताही रोग देत नाहीं, असें तेथील जाणकार सांगतात. ती देते ती फक्त कंड. मात्र ती आठवडाभर टिकते.

पाणिनीच्या व्याकरणांत क्षुद्र जंतूंच्या नांवांचा द्वंद्वसमास एकवचनी होतो. ‘दंशमशकम्’ हें त्याचें उदाहरण शाळेंत शिकवितांना मुलें नेहमीं विचारीत कीं, दंश निराळे, मशक निराळे, मग एकवचन कां? नदीकांठचा तो थवा पाहिला असता तर त्यांनीं विचारलें नसतें. एकेक मोजण्याची सोयच तेथें नसते.

असो. शत्रूस हांकलावयाचें तर प्रथम त्याचा स्वभाव जाणला पाहिजे. नामूच्या अळ्या वाहत्या, स्वच्छ पाण्यांतील दगडांस चिकटून वाढतात. मिलफर्डला वर्षास साडेसहा हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे महाबळेश्वरापेक्षांही जास्त, पाऊस पडतो. तेव्हां त्यांस ओढ्यांची वाण नाहीं. चावते ती केवळ मादी, कारण अंड्यांसाठीं तिला रक्त लागतें. वाऱ्यांत तिला उडतां येत नाहीं. काळ्या रंगाकडे ती ओढली जाते. काळोख पडला कीं ती थांबते. पण तेथें डिसेंबरांत रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असतो. आणि बंद जागेंत सांपडली कीं ती बहुधा चावण्याचें सोडून प्रकाशाकडे, कांचेकडे धांवते.

यावरून आमचे नियम ठरले. मुक्काम झाडीच्या आडोशास न करतां वारा लागेल अशा मोकळ्यावर करावा. खिडक्यांच्या व छताच्या झरोक्याच्या जाळ्या गाडी थांबण्यापूर्वींच ओढून घ्याव्या. दार एकानेंच उघडावें, सर्वांनीं एकदम जावें-यावें. कपडे फिकट व पूर्ण बाह्यांचे असावे. अंगाला लावण्याचें औषध बाहेर उभें राहूनच लावावें, कारण त्यांतील ‘डीट’ नांवाचें द्रव्य कांहीं जातींचें प्लॅस्टिक खराब करतें. आंत शिरलेल्या माशा कांचेवर जमल्या म्हणजे ओल्या फडक्यानें टिपून घ्याव्या.

तरीही संध्याकाळीं कांहीं माशा येतच होत्या. शोध करितां त्या शेगडीखालच्या कपाटाच्या तळाशीं असलेल्या झरोक्यांतून येतात असें सौभाग्यवतींस आढळलें. नातीच्या पोटऱ्यांवर गांधी उठल्या होत्या, पोर रडकुंडीस आली होती. “एवढें भोंक बुजवा म्हणजे झालें,” असें म्हणून त्यांनीं जुन्या टॉवेलाचा बोळा हातीं घेतला. तेवढ्यांत चिरंजीव म्हणाले, “आई, तें नको. तो झरोका आपल्या जिवासाठीं आहे.”

त्यांनीं कारण सांगितलें. सिलिंडरांतील गॅस हवेपेक्षां जड असतो. कोठें गळती झाली तर तो वर न जातां खालीं सांचतो, व तळच्या झरोक्यांतून बाहेर पडतो. तो झरोका बुजविला तर गॅस आंतच सांचून ठिणगीची वाट पाहत राहतो. शिवाय बंद जागेंत शेगडी जळत राहिली कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य त्यानें जागाच होत नाहीं. म्हणून हवेचे झरोके कधीं बुजवूं नयेत, व थंडीसाठीं शेगडी पेटवून ठेवूं नये. कपाटाच्या दारावर तशी सूचनाही चिकटविलेली होती.

सौभाग्यवतींनीं बोळा खालीं ठेविला. “मग पोरीनें रात्रभर काय करावें?” एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांनीं नातीस लांब मोजे चढविले, पायांवर पांढरी चादर गुंडाळली आणि अंधार पडेपर्यंत तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या. साडेदहाच्या सुमारास एकही माशी उडत नव्हती, आणि झरोका उघडाच होता.

आतां आपल्या पुष्कळ घरांतील मुलें परदेशीं आहेत, आणि आईबाप तिकडे गेले कीं अशा गाडींतून प्रवास घडतो. अशा वाचकांस एवढेंच सांगणें कीं, गाडी ताब्यांत घेतांना जाळ्या फाटक्या नाहींत ना, दाराची रबरी पट्टी सुटली नाहीं ना, हें अवश्य पाहावें. पण त्याआधीं हवेचे झरोके कोणते व कोठें आहेत तें विचारून घरांतील सर्वांस, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांस, दाखवून ठेवावें. नातीच्या गांधी आठ दिवसांत बऱ्या झाल्या.