इमानी, पण तापट

ती जन्मापासून आपल्या अंगात राहते. एरवी तिची चौकशी कुणी करत नाही. डॉक्टर तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. कामाला वाघ, स्मरणशक्ती दांडगी. खोडी दोनच: चेहरा ओळखताना गफलत करते आणि एकदा भडकली की आवरत नाही.

डेंग्यूत या दोन्ही खोडी उघड्या पडतात. माण-खटावात, जत-आटपाडीत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून बॅरल, रांजण, हौद भरून ठेवायचे. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी शिवारात आलं तरी दारातलं बॅरल हललेलं नाही. एडिस डासाची मादी त्यातच अंडी घालते आणि दिवसाढवळ्या चावते.

विषाणू पक्का बेरकी. तो मुक्काम ठोकतो तो तिच्याच पहारेकरी पांढऱ्या पेशींत! पत्ता लागताच ती इंटरफेरॉन सोडते, अंग तापवते. हाडं ठणकतात, डोळ्यांमागे दुखतं, त्यातलं बरंचसं तिचंच करणं. पाचव्या दिवसाच्या सुमारास तिची प्रतिपिंडं रक्तात दिसू लागतात. लॅबच्या कागदावरचं एनएस१ ही विषाणूची खूण, तर आयजीएम आणि आयजीजी या तिच्या सह्या.

डेंग्यूचे प्रकार चार. एकदा येऊन गेलेल्याला ती सहसा पुन्हा थारा देत नाही. पण काही वर्षांनी त्याचा भाऊबंद आला की घोळ होतो. जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्यांच्याच ओळखीवर तो पेशीत शिरतो. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ सौम्य गेली. १९८१ साली दुसरा प्रकार आला आणि दीडशेहून अधिक माणसं दगावली. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही, पण दुसऱ्या खेपेला धोका वाढतो तो यामुळे.

मग ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. नेमकी तेव्हाच तिच्या भडक्याने केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त घट्ट होतं. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर मात्र एकच प्रश्न: "पेशी किती झाल्या?" पपईच्या पानांचा रस, किवी, जतचं ड्रॅगन फ्रूट, सगळी धावपळ त्या आकड्यासाठी. पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात हे खरं, त्यातही तिचा हात असतो. पण रक्तस्राव नसेल तर निव्वळ आकड्यासाठी पिशवी चढवायची गरज बहुधा पडत नाही. माझ्या मते तो प्रश्न अर्धाच आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा, किती चढलं, लघवी होते का, हेही विचारायला हवं.

तेव्हा ताप उतरल्यावरचे दोन दिवस पेशंटला एकटं सोडू नका. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस गळून गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. अंगदुखीवर ॲस्पिरिन, ब्रूफेन देऊ नका. आणि आशाताई कोरडा दिवस पाळायला सांगतील तेव्हा बॅरल खरोखर उपडं करा.