सोलापुरातील राखेचा बुधवार

माघ-फाल्गुनाच्या सुमारास जो प्रवासी सोलापुरास उतरतो, त्यास पहिल्याच दिवशी दोन गोष्टींची ओळख पटते: एक येथील ऊन व दुसरी येथील भस्म. उन्हाविषयी विस्तार नको. सकाळी दहानंतर बाहेर पडू नये, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भस्म मात्र विचार करण्याजोगे आहे. भुईकोट किल्ल्याच्या शेजारी, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी, पहाटे दर्शनास येणाऱ्या कित्येकांची कपाळे आडव्या शुभ्र पट्ट्यांनी शोभत असतात. वीरशैवांस विभूती हे नित्याचेच लेणे. त्यामुळे राख लावलेल्या कपाळाकडे या गावात कोणी वळून पाहत नाही.

ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा आरंभही राखेनेच होतो, हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते. इस्टरच्या शेहेचाळीस दिवस आधी येणारा तो 'राखेचा बुधवार' होय. मधले सहा रविवार वगळले असता ४० दिवस उरतात. ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या तितक्याच दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण. कॅथलिक देवळांतून गतवर्षीच्या सणाच्या झावळ्या जाळून राख करतात, आणि ती कपाळी लावताना मनुष्य मातीचा असून मातीसच मिळावयाचा आहे, याची आठवण देतात. इस्टर हा चंद्रकलेशी बांधलेला सण असल्यामुळे या दोन्ही भस्मांची कधीकधी मोठी सुंदर गाठ पडते. २०२६ साली महाशिवरात्र १५ फेब्रुवारीस आली, राखेचा बुधवार १८ तारखेस, त्याच आठवड्यात रमजानचे रोजे सुरू झाले आणि पंधरवड्याच्या आत होळीची राख अंगास लागली!

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी प्रथम १८१३ साली मुंबईस उतरले. पुढे त्यांचे कार्य नगर व सोलापूर या भागांत पसरले. ही मंडळी ज्या प्युरिटन परंपरेतील होती, तीत उपवासकाळ पाळणे तर राहोच, नाताळ साजरा करणेही एके काळी निषिद्ध मानीत. मराठी माणसास मात्र उपवासावाचून धर्म अळणी वाटतो. १९७० साली नागपुरास निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तीत वार्षिक पर्वे पाळणारा अँग्लिकन पंथही होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या रचना मराठी ख्रिस्ती उपासनेत पूर्वीच रुळल्या होत्या.

या पर्वाची पूर्वतयारी कशी करतात, हे मी तळ्याच्या कट्ट्यावर भेटलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती मास्तरांस विचारले. युरोपात आदल्या मंगळवारी घरातील लोणी व अंडी संपवून टाकीत, हे मी वाचले होते. मास्तर हसले. "लोणी संपविणे सोपे," ते म्हणाले. "आम्ही आदल्या आठवड्यात काय खाणे सोडावयाचे हे ठरवीत नाही, कोणाशी बोलणे सोडले आहे, ते आठवतो. पूर्वीचे वैद्य जखम धुतल्यावाचून मलम लावीत नसत."

मग त्यांनी सांगितली ती गोष्ट ख्रिस्ताची नव्हे, तर समोरच्याच तळ्याची. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी या नावाने ओळखले जाई. सिद्धरामांनी येथे तळे खणविले, मंदिर उभारिले, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली. त्यांची कीर्ती ऐकून अल्लमप्रभू आले, ते मात्र "कुठे आहे तो दगड फोडणारा ओड्डर?" असे विचारीतच! शिष्य खवळले, दगड घेऊन धावले. अल्लमप्रभूंचे म्हणणे एवढेच होते की, तळे बाहेर खणले, आतले कोण खणणार? सिद्धरामांस ते पटले आणि पुढे ते कल्याणास गेले. ही कथा 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात आहे. लोकोपयोगी तळ्यास कमी लेखणे मला तरी रुचत नाही. सोलापूरच्या दुष्काळी प्रदेशात पाणी हाच मोठा परमार्थ. पण बोच खरी आहे. राखेच्या बुधवारी वाचण्यात येणारे शुभवर्तमानही हेच सांगते: उपवास करशील तर तोंड धू, डोक्यास तेल लाव, लोकांस कळू देऊ नकोस. कपाळी राख लावण्याच्याच दिवशी हे वाचावे, यात परंपरेचे मोठे चातुर्य आहे.

"आणि आपण कोणास आठविलेत?" मी भीतभीतच विचारले.

मास्तर क्षणभर गप्प राहिले. धाकटा भाऊ एकाच वाड्यात, मध्ये एक भिंत. वाटणीच्या एका कागदावरून सात वर्षे अबोला. जाऊबाई नळावर भेटत, मुले एकत्र खेळत, पण हे दोघे नाहीत. मंगळवारी संध्याकाळी मास्तर स्वतः गेले. भावाने दार उघडले, काही वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "दादा, आत या." चहा झाला. ज्वारीचे भाव निघाले, भावाच्या गुडघेदुखीचे निघाले. कागदाविषयी कोणीच बोलले नाही.

"तो विषय राहिला आहे," मास्तर काठी सावरीत उठले. "इस्टरला अजून पुरते सहा आठवडे आहेत."