भिंगाचं टोपण

आज माझ्याच चुकीचा पाठ सांगतो.

मला जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा नाद. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलो की पाय बोरा बाजाराकडे वळतात. माझा लाडका कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५. हा पहिल्यांदा १९६६ साली आला. भिंग ४५ मिलिमीटरचं, त्यावर आकडा १.७. आकडा लहान तेवढं भिंगाचं तोंड मोठं, ३.५ च्या मानाने साधारण चौपट उजेड आत येतो. म्हणून वीज गेलेल्या वर्गातही फ्लॅशशिवाय फोटो निघतो.

गेल्या जुलैत तिसरीतली एक मुलगी गाव सोडून निघाली होती. बाहेर धो धो पाऊस, वर्गात अंधार. मी पिवळ्या ठिपक्यातली दोन चित्रं एकावर एक जुळवली आणि फोटो काढत गेलो. फिल्म धुऊन आली, ती कोरी! भिंगावर टोपण तसंच होतं. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. उजेड मोजणारा डोळाही वेगळा. त्यामुळे काहीच कळलं नाही.

वर्गात खरं सांगून टाकलं. पोरं गप्प. मग एक जण म्हणाला, "सर, आम्ही तिचं चित्र काढू?" सगळी चित्रं पोस्टाने तिला पाठवली.

आता मी कॅमेरा उचलला, की वर्ग ओरडतो, "सर, टोपण!"

आपली चूक मुलांसमोर कबूल करून बघा. मुलं हसतात, पण सांभाळूनही घेतात.