आवड आणि ऐकण्याची मर्यादा

अभिजात संगीत ऐकणारा कान निःपक्ष नसतो. तो संस्कारांनी घडतो आणि संस्कारांपाशीच अडतो. आमचा कान भीमगीतांवर व शाहिरी जलशांवर पोसला. त्यामुळे शब्द कळले नाहीत की तो अस्वस्थ होतो. तराणा आम्हांस अद्याप रुचत नाही. कर्नाटक संगीतातील गमकांत आमचे लक्ष फार वेळ टिकत नाही. उलट मल्लिकार्जुन मन्सूर गाऊ लागले की शब्दांची उणीव भासत नाही. ही झाली आवड. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही.

परंतु न आवडणे निराळे आणि ऐकूच न येणे निराळे. मैफलीत सारे गळा ऐकतात. कातडे कोणी ऐकत नाही. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, तिला ताणून धरणारी वादी चामड्याची, सारंगीचे पोटही कातड्याने मढविलेले. पुडीवर शाईचे थर घोटून घोटून बसवावे लागतात, तेव्हा कोठे तबला सुरात बोलतो. हे कातडे कमावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणाचे होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. टी. एम. कृष्णा यांनी मृदंगम घडविणाऱ्या कारागिरांवर २०२० साली ग्रंथ लिहिला; त्या कारागिरांत दलित ख्रिस्ती घराणी ठळकपणे दिसतात. वादकाची कीर्ती सभागृहात राहिली, कारागिराचे नाव कार्यशाळेबाहेर पडले नाही.

गळ्याचा इतिहासही असाच निवडून सांगितला जातो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या कलावंत समाजातून आल्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. केसरबाईंचे भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेले. आज त्यांच्या गायकीला मान आहे. ज्या समाजाने ती जपली त्याचा उल्लेख मात्र आवाज खाली आणून केला जातो.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकण्यास घेतले होते. संगीत हा एका वर्गाचा वारसा नव्हे, हे सांगण्यास आम्हांस एवढा दाखला पुरेसा वाटतो.

आमच्या निवासी शाळेतील मुलांनी ढोलकी वाजवावी, तशीच भैरवी आणि यमनही ओळखावी. कोणता राग आवडावा, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र तबला कानी पडला की तो कोणी मढविला, हा प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा.