उसनी तट्टं

आपल्याकडे जिमखाना म्हटलं की मुंबईचा मरीन ड्राइव्ह आठवतो. 1892 साली स्थापन झालेला इस्लाम जिमखाना, त्याच्या आजूबाजूचे हिंदू आणि पारशी जिमखाने, क्रिकेटचे सामने, आणि हल्ली लग्नाच्या दावती. गेल्या जुलैत मी इंग्लंडला भाचीकडे गेले होते. तिथे पोहोचून चार दिवस झाले नाहीत तोच तिची चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "नानी, शनिवारी जिमखाना आहे, येणार ना?" मी ठेवणीतली साडी काढली. भाचीला हसू आवरेना. "खाला, शेतात जायचं आहे. चिखल असतो. माझे रबरी बूट घाला."

हा शब्द गेला आहे आपल्याकडूनच. 'गेंदखाना' या शब्दाला इंग्रजांनी स्वतःच्या जिम्नॅस्टिक्सचा 'जिम' जोडला, असं बहुतेक जाणकार मानतात. रुरकीला 1861 मध्ये असा जिमखाना सुरू झाल्याची जुनी नोंद आहे. छावण्यांमधले गोरे अंमलदार अशा ठिकाणी घोड्यांवरून नाना तऱ्हेचे गमतीचे खेळ खेळत. ते खेळ आणि तो शब्द ते मायदेशी घेऊन गेले. इथे आपल्याकडे जिमखाना म्हणजे इमारत आणि मैदान उरलं. तिकडे जिमखाना म्हणजे लहान मुलांचे तट्टांवरचे खेळ झाले.

या खेळांना स्पर्धेचं रूप आलं 1957 साली. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांनी लंडनच्या मोठ्या अश्वप्रदर्शनाचे प्रमुख कर्नल माइक अॅन्सेल यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला होता: ज्या मुलांच्या घरी महागडं, खानदानी जनावर नाही, साधं तट्टू आहे, त्यांच्यासाठी काही करता येईल का? त्यातून पोनी क्लबच्या मुलांसाठी सांघिक खेळ ठरले. त्यांची अंतिम फेरी आजही दर ऑक्टोबरात त्याच प्रदर्शनात होते, फक्त प्रदर्शन आता बर्मिंगहॅमला भरतं.

शनिवारचं मैदान म्हणजे एका शेतकऱ्याचं कापलेलं गवताचं रान. एका बाजूला घोडे वाहून आणणाऱ्या गाड्यांची रांग, मधे पांढऱ्या खांबांच्या ओळी, कडेला घडीच्या खुर्च्या आणि थर्मास. आम्ही खिमा-पराठे नेले होते; शेजारच्या खुर्चीवरच्या आजीबाईंनी दोन खाल्ले आणि कृती लिहून घेतली.

खेळ समजायला मला अर्धा तास लागला. एका संघात पाच मुलं, प्रत्येक खेळात त्यातली चौघं धावतात. पाच खांबांमधून नागमोडी जायचं, तसंच परत यायचं, आणि हातातली कांडी पुढच्याला द्यायची. कधी धावत्या तट्टावरून झेंडा उचलून दुसरीकडे खोचायचा, कधी एका खांबावरचा मग दुसऱ्या खांबावर पालथा घालायचा. मोज्यांच्या गुंडाळ्यांचा एक खेळ आहे. खाली उतरून गुंडाळी उचलायची, तट्टाबरोबर पळत पळत उडी मारून पाठीवर बसायचं आणि वरूनच ती बादलीत टाकायची. नेम चुकला तर बाद होत नाही. उतरा, उचला, पुन्हा टाका. पण तेवढ्यात बाकीचे पुढे जातात.

सगळ्यात मला काय आवडलं असेल तर तो एक नियम. या खेळात चाबूक चालत नाही, आणि टाचेला काटेही लावता येत नाहीत. जनावराला जे सांगायचं ते पायांनी, लगामानं आणि आवाजानं.

मला आवडलं त्याला कारण आहे. माझे अब्बा मिरजेत टांगा चालवत. आमच्या दारात घोडा होता तेव्हा घरात पंखा नव्हता. पहाटे फज्रनंतर खरारा, मग तोबरा, मग स्टेशन. चाबूक टांग्यात खोचलेला असायचा, पण तो उगारलेला मी क्वचित पाहिला. रिक्षा आल्या आणि अब्बांनी घोडा विकला. घ्यायला आलेल्या माणसाला ते दारात उभं राहून तासभर सांगत होते: याच्या डाव्या मागच्या पायाला नाल जपून मार, पाणी आधी दे, दाणा मागून, पूल आला की याच्याशी बोल. तो माणूस कंटाळला होता. आम्ही पोरं आतून बघत होतो.

ते सगळं त्या रानात आठवायचं कारण म्हणजे कॅनडाहून आलेला मुलांचा संघ. पाच मुलं आणि त्यांच्या प्रशिक्षक बाई. परदेशी स्पर्धेला जाणारी मुलं तट्टं बरोबर नेत नाहीत. समुद्रापार जनावर नेणं कुणाला परवडणार? खोगीर, टोपी, बूट आपले, आणि तट्टू यजमानांचं. राहायचंही यजमानांच्याच घरी. कुठलं तट्टू मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि सामन्याच्या पुढच्या फेरीला अदलाबदल होते, म्हणजे चांगलं जनावर एकाच संघाकडे राहत नाही. वर्षभर आपल्या तट्टाबरोबर सराव करायचा आणि खरी परीक्षा अनोळखी पाठीवर द्यायची.

आमच्या मुलीकडे स्वतःचं तट्टू नाही. ती शनिवार-रविवार तबेल्यात लीद काढते, पाणी भरते, खरारा करते. त्या बदल्यात एक करडं तट्टू तिला वापरायला मिळतं. जाते तिथे त्याच्याबद्दलच बोलते. त्या दिवशी ते चिठ्ठीत कॅनडाच्या एका मुलीला गेलं. मला वाटलं, आता ही रुसणार. ती लगाम हातात घेऊन त्या मुलीजवळ गेली आणि सांगू लागली. मला इंग्रजी कळतं, तरी अर्धंच ऐकू आलं. डाव्या कानाला हात लावू नको. लगाम सैल ठेव. बादली पाहिली की तो बाजूला सरतो, म्हणून आधीपासून बोलत राहा. पाहुणी मुलगी एकेक गोष्ट परत विचारून घेत होती.

मोज्यांच्या खेळात ते तट्टू बादलीपाशी खरोखरच सरकलं. मोजा बाहेर पडला. पाहुणी उतरली, बादलीत मोजा टाकला, पण तट्टू गोल फिरू लागलं आणि तिला चढता येईना. आमची मुलगी त्या फेरीत समोरच्या संघात होती. तरी दोरीपलीकडून तिच्या तोंडून निघालंच, "बोल त्याच्याशी!" तिच्या संघातल्या एका मुलानं रागानं पाहिलं. त्याचंही चुकलं नाही म्हणा; कॅनडाचा संघ त्या खेळात त्यांच्या पुढे निघाला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही गाडीमागे चटई टाकून जुहर पढलो. किबला तिकडे आग्नेयेला येतो, म्हणजे नेमका त्या रांगेतल्या तट्टांच्या बाजूला. एक तट्टू मान खाली घालून आमच्याकडे बघत होतं.

घरी परतल्यावर खरा विषय निघाला. पुढच्या उन्हाळ्यात इथल्या संघानं कॅनडाला जायचं आहे, आणि आमच्या मुलीचं नाव निघालं होतं. संमतीचा कागद पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता. भाचीची काळजी काही खोटी नव्हती. परक्या घरात दोन आठवडे, हलाल खाणं, नमाजच्या वेळा, मुलगी वयात आलेली. जावयांचं म्हणणं वेगळंच. घोडे हे पैसेवाल्यांचं काम. आपण दुकान सांभाळणारी माणसं, उद्या ही तट्टू घेऊन द्या म्हणाली तर?

मुलीनं वाद घातला नाही. तिनं आईला फक्त खदीजा मेल्लाहची आठवण करून दिली. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात शहरी मुलांसाठी एबनी हॉर्स क्लब आहे. तिथे शिकलेली ही अठरा वर्षांची मुलगी 1 ऑगस्ट 2019 रोजी गुडवुडला मॅग्नोलिया कप जिंकली, हिजाब घालून. रेसच्या घोड्यावर ती पहिल्यांदा बसली ती त्याच वर्षी. रेस म्हटलं की आपल्याला जुगार आठवतो, मलाही आठवला. पण ही बायकांची शर्यत एका चांगल्या कामासाठी पैसे उभे करायला होते.

मग भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "खाला, तुम्ही सांगा." मी मोठी आहे म्हणून निकाल द्यावा, हे मला पटत नाही. मी एवढंच म्हटलं की खाण्याचं आधी लिहून विचारा, आणि एकटी पाठवायची नसेल तर तू जा बरोबर. त्या बाईंना मदतीला मोठं माणूस लागतंच. राहता राहिली हिची अक्कल. ज्या पोरीनं आपलं आवडतं तट्टू दुसरीच्या हाती देताना त्याच्या खोडी लपवल्या नाहीत, तिच्याबद्दल मला फार विचारू नका. जावई यावर काही बोलले नाहीत, उठून चहा टाकायला गेले.

मगरिब तिकडे जुलैत रात्री साडेनऊला होते. तोवर ती मागच्या अंगणात एका जुन्या पिंपाला खोगीर बांधून पळत जाऊन उडी मारण्याचा सराव करत असे. मी खिडकीतून मोजायचे. दहातल्या सहा जमायच्या.

मी मिरजेला परतल्यावर महिन्याभरानं फोन आला. यजमान घरानं कळवलं होतं की मासे, अंडी आणि भाज्यांची सोय होईल, मांस तुम्ही सांगाल त्या दुकानातून आणू. भाची बरोबर जाते आहे. तिकिटाचे थोडे पैसे मुलगी तबेल्यात जादा काम करून जमवते आहे, बाकीचे जावयांनी दिले. मला तिनं अब्बांच्या घोड्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, बेटा, नाव राजा होतं, पण अब्बा त्याला नुसतं 'चल भाई' म्हणायचे.

जाणं जुलैत आहे, इन्शाअल्लाह. तिकडे कुठलं तट्टू वाट्याला येईल ते तिला त्या दिवशी सकाळीच कळेल.