आधी थोडं मोरीचं पाणी

आरव्हीच्या, म्हणजे राहत्या घरासारख्या गाडीच्या, पोटात सांडपाण्याच्या साधारणपणे दोन टाक्या असतात. बेसिन आणि न्हाणीचं पाणी साठतं ती ग्रे, संडासाची ती ब्लॅक. दोघींच्या झडपा वेगळ्या, पण बहुतेक गाड्यांत दोघींची वाट एकाच ३ इंची तोंडाशी येऊन मिळते. या तोंडापासून कॅम्पग्राउंडच्या जमिनीतल्या पाइपापर्यंत नळी जोडायची आणि वाटेत थेंबही सांडू द्यायचा नाही. गाडी भाड्यानं घेणाऱ्याला हे काम किल्ली देताना घाईघाईत सांगितलं जातं, आणि तिथंच पुढच्या गळतीचं मूळ असतं.

यलोस्टोन उद्यानात गटाराची जोडणी आपल्या जागेवरच मिळते ती फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये. अस्वलांच्या वावरामुळे तिथं तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींच्या गाड्याच लागतात. अमेरिकेतली मराठी कुटुंबंही उन्हाळ्यात मुलाबाळांसह अशा गाड्या घेऊन हिंडतात. एक कुटुंब सकाळी निघतं आणि दुपारी दुसरं त्याच जागेवर खुर्च्या मांडतं. २००६ सालच्या रॉबिन विल्यम्सच्या ‘आरव्ही’ चित्रपटात मैल्याचं कारंजं उडतं तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसतात. खऱ्या जागेवर मात्र सांडलेल्या मैल्यात पुढच्या कुटुंबाचं पोर खेळणार असतं.

नळी नवी असेल तर ती सहसा गळत नाही, सांधे गळतात. गाडीच्या तोंडाला बाहेर आलेले कान असतात आणि नळीच्या कड्याला आकडे. कडं टेकवून पिळलं की आकडे कानांत अडकतात. पुष्कळदा वरचा आकडा नीट बसतो आणि खालचा कानावर नुसता टेकून राहतो. उभ्यानं पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. जाणकार माणूस गुडघ्यावर बसतो, हातमोजा घातलेलं बोट कड्याच्या खालून फिरवतो आणि मग नळी जोरानं ओढून पाहतो. त्याआधी त्यानं कड्यातलं रबरी वॉशर तपासलेलं असतं. ते कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट, चिरलं असेल तर नवं वॉशर.

जमिनीकडचं टोक जास्त लहरी. कुठं ४ इंची पाइपाला आटे असतात, कुठं ते झिजलेले, कुठं नुसतंच भोक. म्हणून नळीच्या या टोकाला लावायच्या एल्बोच्या, म्हणजे कोपरासारख्या वाकड्या तुकड्याच्या, बुडाला वेगवेगळ्या मापांचे आटे एकाखाली एक दिलेले असतात. आटे तिरके चढले तर जोर लावू नये, उलटं फिरवून पुन्हा सरळ बसवावं. आटेच नसतील तिथं जाड रबरी कडं घालून एल्बो दाबून बसवतात आणि वर वजन ठेवतात. गटारापाशी पडलेली वीट बहुधा याच कामाची असते.

मधल्या नळीला सलग ढाळ हवा, फुटाला पाव इंच पुरे. त्यासाठी घडीचा प्लास्टिकचा आधार मिळतो. नळी सापासारखी वळवून ठेवली की तिच्या पोटात पाणी तुंबतं, आणि तेच पुढं सोडवताना पायावर येतं.

आधी ब्लॅक, मग ग्रे, हा क्रम सगळे सांगतात. तो बरोबरच आहे, कारण साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. पण त्याच्याही आधी ग्रेची झडप क्षणभर उघडून बंद करावी. बादलीभर पाणी जाऊ द्यावं आणि दोन्ही सांधे बघावेत. गळायचंच असेल तर मोरीचं पाणी गळेल, ते पुसता येतं. ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची ब्लॅक टाकी एकदा सुटली की मध्येच झडप लावणं जड जातं. या चाचणीसाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी ग्रे टाकीत पाणी राखून ठेवावं लागतं, म्हणजे तिची झडप कायम उघडी ठेवून चालत नाही. ब्लॅकची तर मुळीच नाही: पाणी वाहून जातं, घट्ट मैला टाकीत साचून वाळतो.

सोडवताना आधी दोन्ही झडपा बंद. मग गाडीकडचं टोक सोडायचं, ते वर धरून नळी हातभर-हातभर उचलत गटाराकडे चालत जायचं. जमिनीकडचा एल्बो सगळ्यात शेवटी. हातमोजे उतरवून हात धुतल्याशिवाय पिण्याच्या पाण्याच्या नळीला हात लावायचा नाही.

भाड्यानं गाड्या देणाऱ्यांनी प्रत्येक गाडीत दोन जादा वॉशर आणि एक पारदर्शक एल्बो ठेवावा. त्यातून पाणी नितळ झालेलं दिसतं आणि झडप कधी लावायची याचा अंदाज बांधावा लागत नाही. आणि किल्ली देण्याआधी गिऱ्हाइकाकडून एकदा तरी नळी जोडून घ्यावी, त्याच्या स्वतःच्या हातानं.